कच्च्या कैदेचे दिवस : लष्करी न्यायातील अपुरा हिशेब

(जबलपूर येथे मराठी भाषिक नागरिक व कार्यकर्ते यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयावर बोलण्यासाठी खरे तर एखाद्या कायदेपंडितास पाचारण करावयास हवे होते. मी वकील नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे आणि पक्षाच्या कचेरीत बसून इतरांचे लिखाण मराठीत आणण्याचे काम करतो. परंतु भाषांतरकाराला एक खोड जडलेली असते. शब्दाचा अर्थ पुरता लागल्याशिवाय त्याला पुढच्या ओळीवर जाता येत नाही. 'सेट ऑफ' या कायद्यातील दोन शब्दांपाशी मी असाच अडून बसलो, आणि त्या अडण्यातूनच आजचे हे भाषण निघाले आहे.

त्याचे निमित्त असे घडले. विदर्भातील एका खेड्यातले वयस्क शेतकरी एक इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा फौजेत होता. त्याच्यावर कोर्ट मार्शल चालून त्याला कैदेची शिक्षा झाली होती. "भाऊ, याच्यात काय लिवलं हाय तेवढं सांगा," एवढेच ते म्हणाले. मी वाचून सांगितले : आरोप अमुक, शिक्षा अमुक, आणि खटल्यापूर्वी व खटला चालू असताना मुलगा जितके दिवस लष्करी अटकेत होता तितके दिवस शिक्षेतून वजा धरले आहेत. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दिवस तं धरले म्हणता. पण पोरगा तिथं एकटाच होता, रातभर दिवा जळत ठेवत होते म्हणे. ते कुठं धरलं हाय?" मी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात ते कोठेही धरलेले नव्हते. पुढे मी कायदाच काढून वाचला, तेव्हा कळले की ते धरण्याची सोय कायद्यातच नाही.

आपल्या बोलीत निकालापूर्वी तुरुंगात असलेल्या माणसाला आपण 'कच्चा कैदी' म्हणतो आणि शिक्षा झालेल्याला 'पक्का कैदी'. आज मला बोलावयाचे आहे ते गणवेशातील कच्च्या कैद्याविषयी. त्याच्या दिवसांचा हिशेब कोण ठेवतो, कसा ठेवतो आणि त्या हिशेबात काय राहून जाते, याविषयी.

जबलपूरचा फेब्रुवारी

या विषयासाठी जबलपूरहून अधिक समर्पक ठिकाण शोधून सापडणार नाही. हे छावणीचे शहर आहे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया येथील दारूगोळ्याचा कारखाना आणि सिग्नल्स, ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षण केंद्रे येथे आहेत. आणि याच शहरात २७ फेब्रुवारी १९४६ रोजी सिग्नल्स प्रशिक्षण केंद्राच्या जवानांनी बराकी सोडल्या.

मुंबईतील नाविकांचा उठाव शमून जेमतेम चार दिवस झाले होते. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन बुऱ्हाणुद्दीन यांना झालेली सात वर्षांची शिक्षा, नाविकांवर झालेला गोळीबार, गोऱ्या व हिंदी सैनिकांच्या वेतनातील तफावत, निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा या साऱ्यांची चीड एकवटली होती. जवानांनी हातात शस्त्र घेतले नाही. घोषणा देत ते शहरात आले आणि तिलकभूमी तलैया येथे त्यांनी सभा घेतली. या उठावात सुमारे सतराशे जवान सामील झाले. त्यांना आवरण्यासाठी गोरी पलटण आणण्यात आली, संगिनी चालविण्यात आल्या, नेतृत्व करणाऱ्यांना अटक झाली. पुढे काहींवर कोर्ट मार्शल चालले, तर अनेकांना सेवेतून काढून टाकण्यात आले.

मुंबईचीही तीच कथा. संप मागे घेताना दिलेली आश्वासने विसरली गेली आणि शेकडो नाविकांना मुलुंडच्या छावणीत डांबण्यात आले. 'तलवार' या नाविक तळावर घोषणा रंगविल्याबद्दल बलाईचंद्र दत्त यांना तर संप सुरू होण्यापूर्वीच अटक झाली होती. हे नाविक आणि हे जवान कोण होते? शेतकऱ्यांची, कारागिरांची, गिरणी कामगारांची मुले. म्हणूनच २२ फेब्रुवारी रोजी मुंबईचा कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला आणि परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या.

१९४६ साली हिंदी सैनिकाला लागू होता तो १९११ चा लष्कर कायदा. खटल्याआधी कोठडीत काढलेला दिवस शिक्षेतून वजा मिळण्याचा हक्क त्या काळी कोणालाच नव्हता. मग तो सैनिक असो वा सामान्य नागरिक. न्यायासनावर बसलेल्याच्या मनात आले तर तो शिक्षा देताना त्या दिवसांचा विचार करी. मीरत खटल्याचे उदाहरण आपल्या चळवळीला ठाऊकच आहे. २० मार्च १९२९ रोजी आरोपींना अटक झाली आणि निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. जवळजवळ चार वर्षे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर आणि अधिकारी यांनी कच्चे कैदी म्हणून काढली. वृद्ध ठेंगडी तर निकाल लागण्यापूर्वीच निवर्तले. ऑगस्ट १९३३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने डांगे यांची बारा वर्षांची शिक्षा तीन वर्षांवर आणली. एवढी घट झाली ती जगभर उठलेल्या निषेधामुळे आणि न्यायमूर्तींच्या विवेकामुळे. आरोपीचा त्यावर हक्क असा नव्हता. ज्याच्यासाठी जगात कोणी आवाज उठवीत नाही, त्या अनामिक शिपायाच्या दिवसांना मग कोण विचारणार?

क्वार्टर गार्डमधील दिवस

स्वातंत्र्यानंतर १९५० साली नवा लष्कर कायदा आला. सामान्य नागरिकाला अटक झाली तर त्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. सैनिकाचा दंडाधिकारी म्हणजे त्याचा कमांडिंग ऑफिसरच. कायद्याचे १०२ वे कलम सांगते की आरोपाची चौकशी सुरू न करता कोणालाही ४८ तासांहून अधिक काळ अटकेत ठेवू नये. मात्र सार्वजनिक सेवेच्या दृष्टीने चौकशी अशक्य असल्यास ही मर्यादा शिथिल होते. शिवाय हे ४८ तास मोजताना रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळावयाच्या असतात. कैद्याला मात्र कोठडीत रविवारची सुट्टी नसते! १०३ वे कलम सांगते की सक्रिय सेवेवर नसलेला सैनिक कोर्ट मार्शलचा आदेश न निघता आठ दिवसांहून अधिक काळ अटकेत राहिला, तर विलंबाची कारणे देणारा विशेष अहवाल पाठवावा आणि दर आठ दिवसांनी तो पुन्हा पाठवावा. अहवाल पाठविला जातो. पण अहवाल गेला म्हणून कोठडीचे दार उघडत नाही.

ही अटक म्हणजे नेमके काय? सक्त अटकेतील जवानाला बहुधा पलटणीच्या क्वार्टर गार्डमध्ये ठेवतात. तुरुंगात निदान तुरुंगाचे नियमपुस्तक असते, बाहेरचे अभ्यागत असतात, इतर कैदी असतात. क्वार्टर गार्डच्या कोठडीत एकटा जवान असतो, आणि त्याच्यावर पहारा करणारे त्याच्याच पलटणीतील, काल एका पंगतीत जेवलेले सोबती असतात. ते त्याच्याशी बोलावयास कचरतात. लहान आरोपांसाठी जे समरी कोर्ट मार्शल भरते, त्यात तर कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. ज्याच्या हुकमाने अटक झाली तोच शिक्षा देतो, आणि तो लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंतची कैद देऊ शकतो.

१९७४ ते १९९२ : अठरा वर्षांचे अंतर

फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली आणि तिच्या ४२८ व्या कलमाने या देशात प्रथमच एक साधा न्याय केला. तपास, चौकशी व खटला यांच्या काळात आरोपी जितके दिवस कोठडीत होता तितके दिवस त्याच्या कैदेतून वजा करावयाचे, एका दिवसास एक दिवस याप्रमाणे. न्यायाधीशाच्या मर्जीतून हा प्रश्न निघाला आणि कैद्याच्या हक्कात आला. आज हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४६८ वे कलम म्हणून १ जुलै २०२४ पासून अमलात आहे.

पण हा न्याय छावणीच्या फाटकाशी येऊन थांबला. लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेल्या जवानाला ४२८ वे कलम लागू पडते की नाही, यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. अखेर १९८७ साली अजमेर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ते लागू पडत नाही. तर्क असा की लष्कर कायदा हा विशेष कायदा असून अटक, चौकशी, खटला आणि शिक्षा यांची स्वतंत्र व्यवस्था त्यात आहे; आणि त्याच्या १६७ व्या कलमानुसार शिक्षेची मुदत लष्करी न्यायालयाच्या अध्यक्षाने कामकाजावर सही केल्या दिवसापासून मोजावयाची आहे. सहीच्या आधीचे दिवस कायद्याच्या लेखी नव्हतेच.

येथे एक विसंगती मुद्दाम सांगितली पाहिजे. ज्या आरोपावरून पुढे शिक्षा झाली, त्या आरोपाखाली अटकेत काढलेल्या प्रत्येक दिवसाचे वेतन कापून घेण्याची तरतूद याच लष्कर कायद्यात होती आणि आहे. म्हणजे वेतन कापताना तो दिवस मोजला जात होता. शिक्षा मोजताना तोच दिवस अदृश्य होत होता. एका चोपडीत दिवस जमा आणि दुसऱ्या चोपडीत तो नाहीच, असा हिशेब गावचा सावकारही उघडपणे मांडणार नाही.

पाच वर्षांनी, १९९२ साली, संसदेने लष्कर कायद्यात दुरुस्ती करून '१६९-अ' हे कलम घातले. आता सैनिकाच्याही बाबतीत नागरी वा लष्करी अटकेत काढलेला काळ कैदेतून वजा होतो आणि उरलेलीच शिक्षा भोगावी लागते. नागरिकाला १९७४ साली मिळालेला हक्क सैनिकाला १९९२ साली मिळाला. मधली अठरा वर्षे ज्यांच्या शिक्षेत गेली, त्यांचे ते दिवस कोणी परत केले नाहीत.

जे अजून मोजले जात नाही

तरीही १९९२ चे पाऊल मोठे होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्या वृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. १६९-अ कलम दिवसांची संख्या मोजते. तो दिवस कोणत्या अवस्थेत काढावा लागला, हे विचारत नाही. सोबत्यांसह मोकळ्या बराकीत काढलेला दिवस आणि अंधाऱ्या खोलीत एकट्याने काढलेला दिवस हे दोन्ही त्याच्या लेखी सारखेच.

हा प्रश्न इतरत्र उपस्थित झालेला आहे. अमेरिकेची लष्करी न्यायसंहिताही १९५० सालीच संमत झाली. तिच्या १३ व्या अनुच्छेदाचा आशय असा की खटल्यापूर्वी कोणालाही शिक्षा करता कामा नये आणि आरोपी हजर राहावा यासाठी लागते त्याहून अधिक कठोर अटक असता कामा नये. या अनुच्छेदाचा भंग झाला तर तेथील लष्करी न्यायाधीश एका दिवसास एक दिवस या वजावटीवर आणखी जादा वजावट देऊ शकतो. इराकमधील युद्धाची गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या चेल्सी मॅनिंग या सैनिकाला मे २०१० मध्ये अटक झाली. जुलै २०१० पासून एप्रिल २०११ पर्यंत क्वांटिको येथील मरीन तळाच्या कोठडीत दिवसाचे सुमारे २३ तास एकांतात ठेवण्यात आले. काही काळ रात्री अंगावरचे कपडेही काढून घेतले जात. जानेवारी २०१३ मध्ये लष्करी न्यायाधीशाने ही वागणूक गरजेपेक्षा अधिक कठोर होती असे मान्य करून ११२ दिवसांची जादा वजावट दिली. ऑगस्ट २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा एकूण १,२९४ दिवस वजा धरण्यात आले.

ज्या राज्यसत्तेने इराकची राखरांगोळी केली, तिचे गुणगान मी करीत आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ३५ वर्षांच्या शिक्षेत ११२ दिवस म्हणजे समुद्रातून ओंजळभर पाणी काढणे होय. २०१७ साली राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा घटविली म्हणूनच मॅनिंगची सुटका झाली. पण एक तत्त्व त्या निकालात मान्य झाले : खटल्यापूर्वीच्या कोठडीतील छळ हा शिक्षेचाच भाग ठरतो, म्हणून त्याची वजावट मिळाली पाहिजे. साम्राज्यवादी सैन्याच्या कायद्यातही जे तत्त्व आहे, ते लोकशाही प्रजासत्ताकाच्या सैन्याच्या कायद्यात का असू नये?

आपल्याच कायद्याकडे पाहा. शिक्षा म्हणून एकांतवास द्यावयाचा तर दंडसंहितेने त्यावर मर्यादा घातली आहे : सलग १४ दिवसांहून अधिक नाही आणि एकूण तीन महिन्यांहून अधिक नाही. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या कैद्यालाही मनमानीने एकांतात टाकता येणार नाही असे बजावले. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेले 'नेल्सन मंडेला नियम' दिवसाचे २२ तास वा अधिक काळ माणसांच्या संपर्काविना ठेवण्यास एकांतवास म्हणतात आणि सलग १५ दिवसांपलीकडील एकांतवासास मनाई करतात. गुन्हा सिद्ध झालेल्याच्या एकांताला एवढ्या मर्यादा. आणि ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, त्याच्या एकांताची शिक्षेच्या हिशेबात नोंदसुद्धा नाही.

आणखी दोन गोष्टी या हिशेबाबाहेर राहतात. वजावट फक्त कैदेतून मिळते. ज्याला कैद न देता बडतर्फ केले, त्याने कोठडीत काढलेले महिने कशातून वजा करावयाचे? आणि जो निर्दोष सुटला, त्याच्याजवळ तर वजा करावयास शिक्षाच नसते. त्याच्या दिवसांची भरपाई रोख रकमेतच होऊ शकते. पण अशी भरपाई त्याला हक्काने देणारे कलम लष्कर कायद्यात नाही.

शिस्तीचा आक्षेप

यावर एक उत्तर ठरलेले असते : "सैन्य म्हणजे कारखाना नव्हे, तेथे शिस्त हवी." शिस्त हवीच. सीमेवर बर्फात उभा असलेला जवान शिस्तीविना उभा राहू शकत नाही, हे आम्हीही जाणतो. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, हेही खरे. परंतु कोठडीतील एकांताने शिस्त वाढते, हे कोणी सिद्ध केले आहे? १९४६ साली या शहरातील जवानांनी बराकी सोडल्या त्या शिस्त सैल होती म्हणून नव्हे, तर अपमान असह्य झाला होता म्हणून. जो कायदा आपले दिवस प्रामाणिकपणे मोजतो, त्या कायद्याचा हुकूम सैनिक अधिक मनापासून पाळतो.

याच शहराच्या नावाने भारतीय न्यायशास्त्रात एक काळाकुट्ट निकाल नोंदला गेला आहे. 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की आणीबाणीच्या काळात बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच २०१७ साली रद्दबातल ठरविला. त्यासाठी ४१ वर्षे लागली. लष्करी न्यायाचेही तसेच. कोर्ट मार्शलच्या निर्णयावर एकही अपील नसावे याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपाल सिंग बेदी खटल्यात खेद व्यक्त केला. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा आला २००७ साली आणि न्यायाधिकरण सुरू झाले २००९ साली. आज जबलपुरातही त्याचे खंडपीठ आहे, आणि लष्करी अटकेतील आरोपीला जामीन देण्याचा अधिकार त्याला आहे. त्या २७ वर्षांत शिस्त बिघडेल अशी भीती घातली जात होती. न्यायाधिकरण आले आणि सैन्य आहे तेथेच भक्कम उभे आहे.

आपली मागणी

म्हणून मित्रांनो, मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. एक : १६९-अ कलमात अशी भर घालावी की खटल्यापूर्वीची अटक एकांताची वा गरजेपेक्षा अधिक कठोर होती असे सिद्ध झाल्यास दिवसाच्या पटीत जादा वजावट मिळेल. दोन : अटकेतील जवानाची कोठडी, प्रकाश, झोप, भेटी आणि वैद्यकीय तपासणी यांची रोजची लेखी नोंद ठेवावी आणि ती बचावासाठी उपलब्ध व्हावी, कारण नोंदच नसेल तर सिद्ध तरी काय करणार? तीन : निर्दोष सुटलेल्याला त्याच्या कोठडीच्या दिवसांची भरपाई हक्काने मिळावी. चार : शिक्षेचा आदेश आणि वजावटीचा हिशेब जवानाला त्याच्या मातृभाषेत मिळावा.

शेवटची मागणी भाषांतरकाराच्या स्वार्थाची वाटेल. ती तशी नाही. ज्या बापाने मुलगा देशाला दिला, त्याला मुलाच्या शिक्षेचे दिवस मोजण्यासाठी गावोगाव इंग्रजी वाचणारा शोधत फिरावे लागू नये.

जबलपूरमध्ये निवृत्त सैनिकांची आणि दारूगोळा कारखान्यांतील कामगारांची हजारो कुटुंबे आहेत. ही मागणी त्यांच्या घरापर्यंत नेणे, निवृत्त जवानांचे अनुभव लिहून घेणे आणि येथील वकीलमित्रांच्या साह्याने ते न्यायाधिकरणापुढे व संसदेपुढे मांडणे, हे काम या सभेतूनच सुरू होऊ शकते. तिलकभूमी तलैयावर १९४६ साली जे जवान निःशस्त्र उभे राहिले, त्यांच्या कोठडीतील दिवसांची वजावट आता कोणी देऊ शकत नाही. आज कोठडीत असलेल्यांचे दिवस मात्र अजून मोजता येतील.